खान्देशात ऑटो टेक्निशियन व्हायचं आहे? आयटीआयपासून शोरूमच्या वर्कशॉपपर्यंतचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहावी झाली. नेमका कोणता ट्रेड घ्यावा?

कारच्या शोरूममध्ये जायचं असेल तर मेकॅनिक मोटर व्हेईकल, म्हणजे बोलीत एमएमव्ही. दोन वर्षांचा कोर्स आहे. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, स्टीअरिंग आणि गाडीची वायरिंग, सगळं त्यात येतं. मेकॅनिक डिझेल एका वर्षाचा आहे आणि त्याचा भर इंजिनावर असतो. ट्रक, जेसीबी, जनरेटर या बाजूला जायचं असेल तर तो चालतो. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात किंवा शहादा-शिरपूरकडे घर असेल, तर मेकॅनिक ट्रॅक्टरकडे नाक मुरडू नका. त्या भागात वर्षभर हाताला काम देणारं यंत्र ट्रॅक्टरच आहे आणि त्याचं हायड्रॉलिक नीट समजणारी माणसं मोजकी. टू-व्हीलरचा ट्रेड एका वर्षाचा. स्वतःचं दुकान लवकर टाकायचं असेल त्याच्यासाठी तो बरा. डेंटिंग आणि पेंटिंगचे ट्रेड वेगळे आहेत. त्यांना कोणी विचारत नाही, पण अपघाती गाड्यांचं काम कधी आटत नाही.

एक वर्षाचा की दोन वर्षांचा, असा घोळ मनात असेल तर दोन वर्षांचा घ्या. का, ते पुढच्या उत्तरात.

आयटीआय करावं की डिप्लोमा?

दोन्ही वाटा एकाच वर्कशॉपात येऊन मिळतात, फक्त दारं वेगळी. आयटीआयवाला टेक्निशियन म्हणून बे वर, म्हणजे गाडी दुरुस्तीच्या जागेवर, उभा राहतो. तीन वर्षांचा ऑटोमोबाईल डिप्लोमा केलेला बहुधा सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर किंवा सुपरवायझरच्या रांगेत लागतो. पण आधी दोन वर्षांचं आयटीआय केलं, तर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. हाताला सवय झालेला मुलगा डिप्लोमात मागे पडतो तो फक्त गणितात. दहावीचं बीजगणित विसरू नका, एवढंच.

प्रवेश कसा होतो?

सरकारी आणि खासगी दोन्ही आयटीआयचे प्रवेश राज्याच्या व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या पोर्टलवर ऑनलाइन होतात. दहावीचा निकाल लागला की अर्ज भरायचा, जवळच्या आयटीआयत कागद दाखवून तो निश्चित करायचा आणि मग पसंतीक्रम भरायचा. सर्वात जास्त घोटाळा या पसंतीक्रमातच होतो. मुलं फक्त जळगाव किंवा धुळं टाकतात, पहिल्या फेरीत नंबर लागत नाही आणि मग मिळेल तो ट्रेड घेऊन बसतात. अमळनेर, चोपडा, चाळीसगाव, शिरपूर, दोंडाईचा, शहादा अशा तालुक्याच्या ठिकाणचे पर्यायही भरा. घरापासून तासाभराची एसटी परवडते, नको असलेला ट्रेड परवडत नाही.

गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि आधार तर लागतंच. जातीचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेयर मे महिन्यातच काढून ठेवा. जूनमध्ये सेतूवर रांग लागते.

कोणतं आयटीआय चांगलं, हे बाहेरून कसं ओळखायचं?

इमारत बघू नका, वर्कशॉप बघा. एखाद्या कामाच्या दिवशी जाऊन दोन गोष्टी तपासा. तिथलं इंजिन सुरू होतं का? पुष्कळ ठिकाणी कापलेली, रंगवलेली इंजिनं स्टँडवर दिसतात. ती दाखवायला ठीक, शिकायला चालू स्थितीतली गाडी लागते. दुसरं म्हणजे मायक्रोमीटर, बोअर गेज आणि मल्टिमीटर कपाटात कुलपात आहेत की टेबलावर. कुलपात असतील तर मुलं मोजायला शिकत नाहीत.

काही आयटीआयमध्ये कार कंपन्यांनी स्वतःचे कक्ष थाटून दिले आहेत. मारुती सुझुकी आणि टोयोटा यांचे असे उपक्रम देशभर आहेत. तुमच्या पर्यायांत तसा कक्ष असेल तर तो वर सरकवा, नव्या पिढीची इंजिनं आणि गाडीच्या संगणकातले दोष वाचणारा स्कॅनर तिथे हाताळायला मिळतात. ‘डीएसटी’, म्हणजे दुहेरी प्रशिक्षण पद्धत, आहे का तेही विचारा. त्यात कोर्सचे काही महिने थेट वर्कशॉपमध्ये घालवायचे असतात आणि ते कोर्समध्येच धरले जातात.

आयटीआयत शिकवतात त्यातलं शोरूममध्ये किती कामाला येतं?

पहिले महिने कानस घासण्यात जातात आणि मुलं वैतागतात. लोखंडाचा तुकडा काटकोनात आणायचा आणि व्हर्नियरने मोजायचा, याचा गाडीशी काय संबंध? संबंध असा, की व्हर्नियर ०.०२ मिलिमीटरपर्यंत दाखवतो आणि मायक्रोमीटर ०.०१ पर्यंत. ब्रेक डिस्कची जाडी, सिलिंडरची झीज, क्रँकच्या जर्नलची (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाची) गोलाई या सगळ्या गोष्टी याच दोन आकड्यांच्या भाषेत बोलतात. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. ती न मोजता नुसते पॅड बदलले की पंधरा दिवसांत गिऱ्हाईक परत येतं, ‘पॅडल थरथरतं’ म्हणून.

आयटीआयत सहसा मिळत नाही तो वेग आणि स्कॅनर. वेग शोरूममध्ये येतो. स्कॅनर मात्र स्वतःहून मागावा लागतो.

परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते. कापूस वेचणीच्या दिवसांत घरी मदतीला थांबलेल्यांची हजेरी नेमकी इथेच घसरते. रजेचा अर्ज वेळेवर द्या.

अप्रेंटिसशिप म्हणजे नोकरी का? पैसे किती मिळतात?

नोकरी नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालचा तो करार आहे. आयटीआय पास झाल्यावर साधारण एक वर्ष शोरूममध्ये, एसटीच्या विभागीय कार्यशाळेत किंवा कारखान्यात शिकायचं, मग परीक्षा द्यायची. पास झालात की राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळतं. २०१९ च्या नियमांत आयटीआय पास उमेदवारासाठी किमान विद्यावेतन महिना ७,००० रुपये ठरलं. त्यातले २५ टक्के, जास्तीत जास्त १,५०० रुपये, केंद्राच्या योजनेतून थेट उमेदवाराच्या खात्यात येतात. म्हणून आधारशी जोडलेलं बँक खातं आधीच चालू ठेवा.

सगळ्यात महत्त्वाचं: केंद्राच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर तुमच्या नावाचा करार तयार झाला का ते पहिल्याच महिन्यात तपासा. ‘ये कामाला, नंतर बघू’ असं म्हणून वर्षभर राबवून घेतात आणि शेवटी कळतं की करार झालाच नव्हता. मग ते वर्ष कुठल्याच कागदावर मोजलं जात नाही. कराराचा क्रमांक मागा. मागायला लाजू नका.

पहिले तीन महिने नुसत्या गाड्या धुवायला लावतात. ही फसवणूक नाही का?

तीन आठवडे चालतं, तीन महिने नाही. धुलाईत आणि गाडी आत-बाहेर करण्यात शिकण्यासारखं असतं. खालून धुताना कुठे ऑइलचा ओघळ आहे, कोणता बूट (रबरी आवरण) फाटलाय, सायलेन्सरचा कोणता रबर तुटलाय हे दिसतं. ते सीनियरला सांगायला लागलात की तो तुम्हाला बे वर ओढतो. महिना उलटूनही हातात पाना आला नाही, तर फ्लोअर सुपरवायझरला सरळ विचारा की माझं नाव कोणत्या टेक्निशियनखाली आहे. भांडायचं नाही, पण कराराच्या प्रशिक्षण आराखड्याचं नाव काढायचं.

एक वही ठेवा. रोज तारीख, गाडीचं मॉडेल, किलोमीटर, तक्रार, काय मोजलं, किती आलं, काय बदललं. ‘काय बदललं’ हा रकाना सगळे भरतात. ‘किती आलं’ हा रकाना ज्याचा भरलेला असतो, त्याला मुलाखतीत वेगळं काही सांगावं लागत नाही.

वर्कशॉपमध्ये एक गाडी कशी फिरते?

अ‍ॅडव्हायझर गिऱ्हाइकाचं ऐकून जॉबकार्ड लिहितो, सुपरवायझर बे देतो, टेक्निशियन काम करतो, शेवटी फायनल तपासणी आणि धुलाई. गडबड होते ती पहिल्याच पायरीला. गिऱ्हाईक म्हणतं, ‘भो, गाडी ओढत नही, पुढे खडखड आवाज येस.’ जॉबकार्डवर उतरतं फक्त ‘आवाज’. आता हा आवाज थंड गाडीला की गरम, ब्रेक मारताना की वळताना, खड्ड्यात की सपाट रस्त्यावर? हे जॉबकार्डवर नसेल तर टेक्निशियनने अ‍ॅडव्हायझरला विचारलंच पाहिजे. वळताना कटकट आली तर चाकाकडच्या अक्सलचा बाहेरचा सीव्ही जॉइंट, खड्ड्यात आली तर सस्पेन्शनचा लिंक रॉड किंवा बुश, इथून शोध सुरू होतो. अहिराणी समजणाऱ्या मुलाला इथे जो फायदा आहे तो पुण्याहून आलेल्याला नाही.

ऑइल बदली हे सगळ्यात सोपं काम. त्यात काय चुकतं?

शिकाऊ मुलाच्या हातून सर्वात जास्त नुकसान याच कामात होतं. इंजिन चार-पाच मिनिटं चालवून कोमट करा, म्हणजे ऑइल पातळ होऊन गाळासकट निघतं. रटरटतं गरम नको, मनगट भाजतं. ड्रेन नट काढला की जुना वॉशर नटाबरोबर आला का ते बघा. तो ऑइलच्या चेंबरला चिकटून राहिला आणि त्यावर नवा चढवला, तर गळती ठरलेली. फिल्टरचंही तसंच. जुन्या फिल्टरचा रबर इंजिनाला चिकटून राहतो आणि त्यावर नवा बसवला की सुरू करताच ऑइल पिचकारीसारखं उडतं. बोट फिरवून बैठक साफ आहे याची खात्री करायला पाच सेकंद लागतात.

नव्या फिल्टरच्या रबराला ऑइलचं बोट लावा, हाताने टेकेपर्यंत फिरवा आणि मग साधारण पाऊण फेरा. पान्याने आवळायचं नाही. ड्रेन नट बऱ्याच लहान गाड्यांत ३० ते ४० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो. नेमका आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये बघायचा आणि टॉर्क रेंचनेच आवळायचा. चेंबर अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर ‘अजून थोडा’ म्हणत मारलेल्या झटक्यात आटे जातात आणि शे-दीडशेच्या मजुरीपायी हजारोंचा चेंबर येतो.

१.२ लिटरच्या पेट्रोल इंजिनात फिल्टरसह तीन ते साडेतीन लिटरच्या आसपास ऑइल बसतं. आधी तीन लिटर घाला, इंजिन मिनिटभर चालवा, बंद करून पाच मिनिटं थांबा, मग डिपस्टिक बघा. दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेजवळ हवं. वर गेलं तर क्रँक त्याला घुसळून फेस करते आणि दाब नीट राहत नाही. २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेलमध्ये आणखी एक मेख आहे: काजळीचा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, असेल तर कमी राखेचं ऑइलच लागतं. दुकानात मिळेल ते साधं डिझेल ऑइल घातलं की राख हळूहळू फिल्टरमध्ये साचते, आणि ती जाळून जात नाही. या गाड्यांत ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली तर खूश होऊ नका. फिल्टर साफ करण्याचा फेरा अर्धवट राहून डिझेल ऑइलमध्ये उतरत असतं. गावातल्या गावात पाच-पाच किलोमीटर फिरणाऱ्या गाड्यांना हा त्रास हमखास.

निदान कसं शिकायचं? ‘सेल्फ लागत नाही’ याच तक्रारीवर सांगा.

पार्ट बदलणारा म्हणेल, बॅटरी टाका. नाही लागला तर सेल्फ, म्हणजे स्टार्टर मोटर, टाका. शिकलेला माणूस आधी मल्टिमीटर उचलतो.

गाडी काही तास उभी असेल तर बॅटरीच्या दोन टोकांवर १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. उतरलेली बॅटरी आधी चार्ज करा, निकाल नंतर. आता चावी फिरवा आणि आकडा बघत राहा. सेल्फ फिरताना तो ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी कमजोर, नाहीतर सेल्फ वाजवीपेक्षा जास्त करंट ओढतोय. आकडा १२ च्या वरच राहिला आणि सेल्फ तरीही नुसता ‘टक’ म्हणाला, तर बॅटरीत करंट आहे, पण तो सेल्फपर्यंत पोचत नाही.

मग अर्थिंग तपासा. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, म्हणजे खांबावरच, क्लॅम्पवर नाही. दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूवर. चावी फिरवा. ०.२ व्होल्टपेक्षा बरंच जास्त दाखवलं तर इंजिनाची अर्थिंगची केबल सैल किंवा गंजलेली. एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर आणि दुसरं सेल्फच्या मोठ्या टर्मिनलवर ठेवून तीच चाचणी करा, तिथे ०.५ च्या आत हवं. पुष्कळदा दोष निघतो तो पांढऱ्या-हिरव्या बुरशीने माखलेल्या क्लॅम्पमध्ये. गरम पाणी, खायचा सोडा, ब्रश, वीस मिनिटांचं काम. आणि गाडी सुरू झाल्यावर चार्जिंग मोजल्याशिवाय सोडू नका: १३.८ ते १४.७ च्या दरम्यान असेल तर अल्टरनेटर ठीक. नव्या गाड्यांत संगणक चार्जिंग मुद्दाम कमी-जास्त करतो, तिथे हेडलाइट आणि एसी लावून मोजा.

इथल्या उन्हाळ्यात कोणती कामं जास्त येतात?

जळगाव-भुसावळचा मे महिना म्हणजे पारा ४४-४५ वर. गरम होणाऱ्या गाड्या, बंद पडलेला एसी आणि मेलेल्या बॅटऱ्या. बॅटरी उष्णतेने आतून मरते, थंडीत फक्त ते उघडं पडतं.

कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं, आणि पाणी डिस्टिल्ड. आपल्याकडे बोअरचं पाणी ओतायची खोड आहे. त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात, अगदी माठाला खालून पांढरं चढतं तसे. रेडिएटरचं झाकणही सुटा भाग म्हणून तपासा. ते दाब धरतं म्हणून आतलं पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं. रबर कडक झालेलं झाकण दाब सोडतं आणि गाडी कन्नड घाट चढताना वाफ ओकते. आणि गरम गाडीचं झाकण उघडायचं नाही, कितीही घाई असो.

‘थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी गरम होणार नाही’ हा सल्ला हायवेवर सर्रास मिळतो. तो चूक आहे. थर्मोस्टॅट म्हणजे तापमानाप्रमाणे कूलंटची वाट उघडणारी झडप. ती नसलेलं इंजिन हवं तितकं तापत नाही, संगणक ते थंडच समजून जास्त पेट्रोल देत राहतो आणि अ‍ॅव्हरेज घसरतं. गाडी गरम होण्याचं मूळ कारण तर तसंच राहतं.

जिनिंगच्या हंगामात रेडिएटर आणि एसी कंडेन्सरच्या जाळीत कापसाची रुई आणि धूळ घट्ट बसते. आतून बाहेर, कमी दाबाच्या पाण्याने धुवा. प्रेशर पंप जवळून मारला की जाळीचे पत्रे आडवे होतात. एसीचा गॅस अंदाजाने भरायचा नाही. बॉनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅममध्ये आकडा असतो, तेवढाच, वजन करून.

स्वतःची हत्यारं घ्यावीत का? कोणती?

शोरूममध्ये बहुतेक मिळतात, तरी ८, १०, १२, १४ चे टी-पाने, अर्ध्या इंचाचा गोटी (सॉकेट) सेट, पक्कड, दोन चांगले स्क्रूड्रायव्हर, अ‍ॅलन की आणि एक मल्टिमीटर स्वतःचा असावा. १० ची गोटी दोन घ्या, एक हरवतेच. पुढच्या पगारात टॉर्क रेंच. जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही, घोडी (जॅक-स्टँड) लावल्याशिवाय तर अजिबात नाही.

इलेक्ट्रिक गाड्या आल्या. आता इंजिन शिकून उपयोग?

ब्रेक, सस्पेन्शन, एसी, स्टीअरिंग आणि १२ व्होल्टची वायरिंग इलेक्ट्रिक गाडीतही आहे. त्यामुळे एमएमव्हीचं बरंचसं तसंच चालतं. आयटीआयत इलेक्ट्रिक व्हेईकलचा वेगळा ट्रेडही आलाय. पण शोरूममध्ये प्रशिक्षण झाल्याशिवाय नारिंगी केबलला हात लावायचा नाही. बहुतेक कारमध्ये तिच्यात ३०० व्होल्टच्या वर डीसी असतो. १,००० व्होल्टचे हातमोजे घालून सर्व्हिस प्लग (मोठी बॅटरी तोडणारा) काढायचा, कंपनीने सांगितलेली मिनिटं थांबायचं, आणि व्होल्टेज शून्य झालं हे मीटरवर बघूनच पाना लावायचा. थांबायचं कशाला? इन्व्हर्टरच्या कपॅसिटरमध्ये चार्ज शिल्लक असतो.

सीएनजीचंही तसंच. टाकीत २०० बारचा दाब असतो, टाकीची दर तीन वर्षांनी चाचणी लागते. गळती साबणाच्या पाण्याने शोधायची, काडी पेटवून नाही. हे लिहावं लागतंय, कारण काडी पेटवणारे आहेत.

ड्रायव्हिंग लायसन्स लागतं का?

लागतं. रोड टेस्टशिवाय अर्धी निदानं होत नाहीत. अठरा पूर्ण झाली की शिकाऊ लायसन्स काढा, ३० दिवसांनंतर पक्क्याची परीक्षा देता येते. लायसन्स नसताना वर्कशॉपच्या फाटकाबाहेर गाडी काढायला कोणी सांगितलं तर नाही म्हणा. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते.

मुलींना हे काम झेपतं का?

झेपतं. गिअरबॉक्स कोणीच हातावर उचलत नाही, त्याला जॅक असतो. प्रवेशात मुलींसाठी राखीव जागा आहेत आणि त्या रिकाम्या जातात. शोरूम निवडताना कपडे बदलायची खोली आणि वेगळं स्वच्छतागृह आहे का ते मात्र आधी बघून या.

इंग्रजी येत नाही. अडेल का?

बोलायला नाही, वाचायला अडेल. मॅन्युअल, स्कॅनर आणि वायरिंगचा नकाशा इंग्रजीत असतो. पण शब्द दोन-तीनशेच आहेत आणि तेच फिरून येतात. स्कॅनरवरचा पी०३०० हा कोड म्हणजे मिसफायर (सिलिंडरमध्ये इंधन नीट न जळणं), एवढं वाचून प्लग बदलायला धावू नका. कोड कुठे बघायचं ते सांगतो, काय बदलायचं ते नाही.

वर्षभरानंतर शोरूमने ठेवून घेतलं नाही तर?

दारं बरीच आहेत. एसटीची भरती निघते, तिथे आयटीआय आणि अप्रेंटिसशिप दोन्ही प्रमाणपत्रं कामाला येतात. मेकॅनिक डिझेल केलेल्यांनी रेल्वेच्या शिकाऊ भरतीवर लक्ष ठेवावं. धुळ्याला मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर महामार्ग एकमेकांना मिळतात, त्यामुळे ट्रकच्या वर्कशॉपांना तिथे माणसं लागतातच. ट्रॅक्टर डीलर खरीपाच्या आधी, एप्रिल-मेमध्ये माणसं शोधतात, तेव्हा जाऊन भेटा.

स्वतःचं गॅरेज टाकायचं असेल तर दोन वर्षं थांबून टाका. तोवर स्कॅनरपुरते पैसे साठवा आणि ती वही जपून ठेवा.